आप्पांचा कोट

सांगली, गावभाग
२४ ऑगस्ट २०१९

ती. चंद्रमतीअक्कास भूपालचा साष्टांग नमस्कार, जय जिनेंद्र.

पत्र लिहितो, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही. मागच्या आठवड्यात छावणीतून मी "घर बुडालं" असं सहा वेळा ओरडलो. तू सहाही वेळा "जेवलास का" विचारलंस. शेवटी छावणीतले लोकच म्हणाले, "जेवलो म्हणा की आण्णा, म्हातारीचा जीव शांत होईल." म्हणून जेवलो म्हणालो.

आता नीट सांगतो. मी आणि राजमती दोघेही धड आहोत. बोटीत बसताना तिने लोणच्याची बरणी घेतली आणि मी सायकलचा पंप. का घेतला ते मला अजून कळलेलं नाही. सायकलचं दुकान बंद करून नऊ वर्षं झाली.

छावणीत तीन दिवस पोह्यांत बटाटा होता. खाल्ला. दिवस मावळल्यावरही खाल्ला. मुनिमहाराज हुबळीला आले तर हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. मदतीच्या ट्रकमधून मला एक लोकरीची कानटोपी, शाळकरी मुलीचा गणवेश आणि दात घासायच्या पेस्टच्या अकरा नळ्या मिळाल्या. दात माझे सहा.

परवा घरी आलो. चूक माझीच झाली. २००५ च्या पुराची रेघ मी हॉलच्या भिंतीवर सायकलच्या लाल रंगाने मारली होती, ती तुला आठवत असेल. छातीइतकी आहे. गल्लीत प्रत्येकाच्या घरात तशी रेघ आहे, आणि प्रत्येकाने सामान रेघेच्या वर एक हात ठेवलं होतं. ह्याच्यावर पाणी येत नाही, असं मी चौदा वर्षं सगळ्यांना सांगत होतो. लोकांनी ऐकलंही. आता गल्लीत माझ्याशी कोणी बोलत नाही. पाणी रेघेच्या वर पावणेचार फूट आलं.

गाद्या रस्त्यावर टाकल्या. कपाटाचं दार उघडलं तर ते हातातच आलं. रात्री झोपताना कोपऱ्यात मगर असेल असं वाटतं. राजमती म्हणते, "मगरीला एवढ्या घाणीत राहायला कोण सांगितलंय."

बाकी ठीक. आप्पाही ठीक.

तुझा
भूपाल


हुबळी, ३१ ऑगस्ट

चि. भूपाल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोघे जिवंत आहात हे वाचून बरं वाटलं. पंपाचं वाचून नवल वाटलं नाही. तू लहानपणी घराला आग लागली तेव्हा पाट घेऊन पळाला होतास.

चार पानं लिहिलीस. त्यात पेस्टला एक ओळ, मगरीला एक ओळ आणि आप्पांना दोन शब्द. "आप्पाही ठीक." आप्पांना जाऊन सत्तावन्न वर्षं झाली. ते ठीक कसे असतील? फोटोबद्दल बोलत असशील तर फोटो म्हण.

माझ्या बाहुबलीचं नवं घर बांधून होतंय. दिवाळीनंतर वास्तुशांत आहे. हॉलमध्ये आप्पांची जागा धरून ठेवली आहे. आपल्या दोघांत तो एकच फोटो. आईने जाताना तो तुला दिला, थोरली मी असून. त्यावर मी तीस वर्षं बोलतेय आणि तू तीस वर्षं पानाची शीर काढत बसतोस. हुबळीला नदी नाही. फोटो पाठवून दे.

राजमतीला म्हणावं, ओल्या जमिनीवर बसू नको.

तुझी अक्का


सांगली, ९ सप्टेंबर

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

पर्युषण चालू आहे. मी दोन उपवास केले. बटाट्याचे.

फोटोची काळजी करू नकोस. थोडा दमट झालाय, एवढंच. उन्हात ठेवलाय.

इकडे खरा घोळ आदगोंडा मगदूमाचा झालाय. शेजारचा, तालमीतला. आम्ही छावणीत असताना बाहेरगावाहून स्वयंसेवक आले. चांगली माणसं, त्यांनी गल्लीतली सगळी घरं उपसली. पण कुणाच्या घरातलं काय, हे त्यांना कसं कळणार? भांडी एकीकडे, चपला एकीकडे, आणि जेवढे म्हणून बाप सापडले तेवढे बस्तीच्या देवळाच्या कट्ट्यावर ओळीने उभे केले. सात फोटो. सातही चेहरे पाण्याने धुऊन गेलेले. मानेच्या वर नुसता पांढरा डाग आणि खाली कोट.

आणि कोट सातही जणांचा एकच. तुला ठाऊकच आहे, जुन्या स्टेशन रोडवरच्या त्या फोटोवाल्याकडे एकच काळा कोट होता आणि एकच फेटा. जो बसेल त्याच्या अंगावर तो तोच चढवायचा. आपल्या गावभागात आतून धोतर आणि वरून साहेब अशी निम्मी पिढी त्या एका कोटात वर गेली.

आता कट्ट्यावर सात म्हातारे उभे. आदगोंडा म्हणाला, "आमचा बा पैलवान होता. कोट तटतटलेला असंल तो आमचा."

गल्लीतला कुंभोजकर म्हणाला, "लगा, तटतटलेला माझा. तुझ्या बाला मी बघितलाय, काडी होता."

"माझ्या बाला काडी म्हणतोस?"

"तू पैलवान. बा कशाला असायला पाहिजे?"

त्यावर आदगोंडाने त्याची गचांडी धरली. दोघांची मिळून वयं एकशे एकोणपन्नास. बस्तीच्या पंडितांनी मध्ये पडून सांगितलं की, पर्युषणात निदान कट्ट्याच्या खाली उतरून मारामारी करा. शेवटी राजमती म्हणाली, "बाप म्हणून एकेक उचला आणि घरी चला. नाहीतरी जिवंत असताना कोण त्यांच्याकडं बघत होतं."

मग सगळ्यांनी एकेक उचलला. आदगोंडाने कुणाचा नेला, देव जाणे. बिचाऱ्याला स्वतःचा बाप ओळखता येईना, ह्याचं मला फार वाईट वाटतं. झोप लागत नाही.

धरणातून पुन्हा पाणी सोडणार असं ऐकतो. तुझ्याकडे काय म्हणतात?

तुझा
भूपाल


हुबळी, १५ सप्टेंबर

चि. भूपाल,

आदगोंडाची गोष्ट तीन पानं लिहिलीस. झोप आदगोंडाला लागायला नको, ती तुला का लागत नाही?

दमट म्हणजे किती ते लिही. आप्पांचं नाक आहे का?

अक्का


सांगली, २८ सप्टेंबर

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड आलं तेव्हा पोस्टमनने ते वाचून मलाच विचारलं, "आण्णा, नाक आहे का?" पुढच्या वेळी पाकीट वापर.

नाक आहे. डोळे, मिश्या, सगळं आहे. फोटो मी तुला देऊन टाकायचं ठरवलं. तीस वर्षं तुझं बोलणं ऐकलं. आता नदीचा भरवसा नाही, माझाही नाही, रक्तदाब वाढलाय. हुबळीच्या एसटीच्या वाहकाकडे फोटो दिला आहे. चांगला माणूस आहे. त्याला मी चार वेळा सांगितलं की आडवा ठेवू नको, छातीत धाप लागायची. त्याने विचारलं, "कुणाच्या?"

दमटपणामुळे रंग जरा इकडेतिकडे झाला होता, म्हणून थोडा हात फिरवून घेतला आहे. लांबून बघ. जवळून बघू नको, डोळ्यांना त्रास होईल.

राजमती विचारते, वास्तुशांतीला किती दिवस आधी येऊ.

तुझा
भूपाल


हुबळी, ६ ऑक्टोबर

चि. भूपाल,

आप्पा काल संध्याकाळी एसटीने आले. सूनबाई त्रिशलाने काच पुसली. ती म्हणाली, "अय्या, भूपालमामा कोट घालून कुठं निघाले?"

मी लांबून बघितलं. मग जवळून बघितलं. दोन्हीकडून तू आहेस. मिश्या लावलेला तू. डोळे असे फाडलेले की मागून कोणीतरी फटाका लावलाय. आप्पा असे कधी दिसले नाहीत. ते कशालाही भीत नसत, यमालाही नाही. आणि हे दोन हात छातीशी जोडलेले कशासाठी? आप्पा कुणाकडे मत मागायला गेले होते?

हे हात पुसून बघितले. खाली खरा हात दिसतो, तो टेबलावर आहे. भूपाल, आपल्या आप्पांचा डावा हात खुर्चीच्या पाठीवर आहे. कोट त्यांना मोठा होता, बाहीतून तीनच बोटं बाहेर दिसतात, करंगळी आत. दुसरं बटण तुटलेलं आहे. पायाशी फुलदाणी आहे, तिचा उजवा काठ टवका उडालेला.

हा फोटो आपला नाही. तू दुसऱ्याचा बाप माझ्याकडे पाठवलास, त्यावर स्वतःचं तोंड काढून. माझा बाप कुठे आहे ते खरं खरं लिही. नाहीतर वास्तुशांतीला येऊ नकोस.

अक्का


सांगली, १४ ऑक्टोबर

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

खरं लिहितो. कट्ट्यावर सात म्हाताऱ्यांत मीही होतो. आदगोंडाने कुणाचा नेला हे देव जाणे असं मी लिहिलं. मी कुणाचा नेला, हेही देवच जाणे.

घरी आणून मी तो फोटो पुसला. मग समोर बसून आप्पांचा चेहरा आठवायला लागलो. आला नाही. मी बाहेर जाऊन आलो, पाणी प्यालो, पुन्हा बसलो. कोट आठवतो, फेटा आठवतो, खोकायचे ते आठवतं. चेहऱ्याच्या जागी तोच पांढरा डाग येतो. ते गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, दूधपिता नव्हतो. तीस वर्षं रोज सकाळी त्या फोटोला उदबत्ती लावली. उदबत्ती नीट लागली की नाही तेवढंच बघत होतो. हे मी राजमतीलाही सांगितलं नाही.

म्हणून इलाही पेंटरकडे गेलो. तो ट्रॉलीच्या मागे नावं लिहितो. तो म्हणाला, "आण्णा, माणसं मी फक्त निवडणुकीतली काढतो. हात जोडलेली. दुसरं काही मला येत न्हाई." मी म्हणालो, चेहरा तेवढा काढ. तो म्हणाला, "दिसायला कसे होते?" मी कोट सांगितला, फेटा सांगितला. मग तो म्हणाला, "पोरगा बापावर गेला असंलच की. तुम्हीच बसा." बसलो. हात त्याने सवयीने जोडले. मला वाटलं, तुझे डोळे थकलेत, चालून जाईल.

आता पुढचं ऐक. तुझं पत्र घेऊन मी आदगोंडाकडे गेलो. त्याच्या भिंतीवरचा फोटो बघितला. खुर्ची आहे. तीन बोटं आहेत. दुसरं बटण नाही. खालचा भाग चिखलाने खाल्लाय, त्यामुळे फुलदाणी दिसत नाही. पण बाकी सगळं बरोबर. आपले आप्पा आदगोंडाच्या घरी आहेत, आणि माझं तोंड लावून तुझ्याकडे आलाय त्याचा कोट तटतटलेला होता, म्हणजे तो बहुधा आदगोंडाचाच बाप.

आदगोंडा त्याला रोज सकाळ-संध्याकाळ हार घालतो. स्वतःच्या बापाशी तो अकरा वर्षं बोलत नव्हता.

मी घरी येऊन बसलो आणि मग माझ्या डोक्यात आलं. अक्का, तू एक्याऐंशीची. गेल्या भाऊबीजेला तू मला दोनदा ओवाळलंस, कारण पहिलं विसरलीस. त्रिशलाला तू तिच्या सासूच्या नावाने हाक मारतेस, आणि सासू तूच. माझ्या घरी तू अकरा वर्षांत आली नाहीस. मग तुला तीन बोटं कशी आठवतात? करंगळी आत आहे हे कसं आठवतं? टवका उजव्या काठाचा, हे कसं?

२००५ च्या पुरानंतर तू फोटो वाळवायला म्हणून हुबळीला नेला होतास. दोन महिने ठेवलास. नवी काच, नवी चौकट करून पाठवलास. तेव्हा मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की बहीण असावी तर अशी.

उत्तर पाकिटात पाठव.

भूपाल


हुबळी, २१ ऑक्टोबर

चि. भूपाल यास आशीर्वाद.

तू पत्राच्या शेवटी "तुझा" लिहिलं नाहीस. बरोबर आहे.

फोटो माझ्या ट्रंकेत आहे. लग्नातल्या शालूच्या घडीत. २००५ साली हुबळीच्या स्टुडिओत त्याची नक्कल करून घेतली, नक्कल चौकटीत घालून तुला पाठवली आणि खरा ठेवून घेतला. जुनी चौकट चुलीत घातली, म्हणजे पुरावा नको. तू चौदा वर्षं माझ्या नकलेला उदबत्ती लावत होतास.

चोरी केली असं मला वाटत नव्हतं. तेव्हा तुझ्या घरात गुडघाभर गाळ होता आणि तू रंगाचा डबा घेऊन भिंतीवर रेघ मारत होतास. मी म्हणाले, फोटो माळ्यावर ठेव. तू म्हणालास, रेघेच्या वर एक हात बास. तेव्हाच मी ठरवलं की हा माणूस आप्पांना बुडवणार.

तू विचारशील की मग दर पत्रात मागत का होते. मागायचं थांबवलं असतं तर तुला संशय आला असता. आणि दुसरं असं की मला तुझा फोटो नकोच होता. तू तो आपणहून द्यावास, एवढंच हवं होतं. तू दिला असतास तर मी नक्कल ट्रंकेत टाकली असती आणि खरा भिंतीवर लावला असता. चौदा वर्षं मी माझ्या बापाला दार लावून बघतेय. बाहुबलीलाही माहीत नाही. दुपारी सगळे झोपले की शालू काढते. त्रिशलाला वाटतं म्हातारीला दागिन्यांची काळजी आहे.

म्हणून बोटं माहीत आहेत.

तुझ्या मागच्या पत्रातलं एक वाचून मात्र मी जेवले नाही. पांढऱ्या डागाचं. रागावून येणार नसशील तर नको येऊस. पण येऊन एकदा चेहरा बघून जा. मग पाहिजे तर फोटो घेऊन जा. मी अडवणार नाही.

तुझी
अक्का


सांगली, १८ नोव्हेंबर

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. एसटीत राजमती माझ्याशी बोलली नाही, कारण तू तिला साडी दिलीस ती मी बसमध्ये चटणीने माखली.

तुझं पत्र आल्यावर मी आठ दिवस रागावलो. नवव्या दिवशी मला आठवलं की, मी तुला दुसऱ्याचा बाप पाठवला होता. मग रागावणं जमेना. त्यात राजमती म्हणाली, "ननंदेनं चोरला म्हणून राहिला. तुमच्याकडं असता तर आदगोंडाच्या घरी नांदला असता."

वास्तुशांतीला सगळ्यांदेखत मी उभा राहून म्हणालो की, हा फोटो मी अक्काला दिला. तू तेव्हा पदराने डोळे पुसलेस. लोकांना वाटलं भावाच्या मायेने. मला वाटतं तुला हसू आवरत नव्हतं. मी विचारणार नाही.

फोटो तिथेच राहू दे. नदी नाही हे खरं आहे. पण एक लिहायचं राहिलं. सकाळी तुम्ही सगळे स्वयंपाकघरात होता तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. चष्मा दोनदा पुसला. अक्का, आप्पा केवढेसे आहेत. एकतीस वर्षांचे. माझा नातू शोभेल एवढा माणूस. परक्याचा कोट घातलाय, बाह्या हातावर आल्यात, समोरचा माणूस काळ्या फडक्यात डोकं घालून काय करतोय ते त्यांना कळत नाही. खुर्ची त्यांनी ऐटीत धरलेली नाही. पडू नये म्हणून धरलीय.

तू म्हणतेस ते कशालाही भीत नसत. तू चौदा वर्षं बोटं मोजत बसलीस, डोळे बघितले नाहीस. डोळे फाडलेले आहेत. मागून फटाका लावल्यासारखे. इलाहीने जे काढलं ते काही फार चुकलं नव्हतं.

मला तेव्हापासून झोप लागते.

आदगोंडाला सगळं खरं सांगितलं. तुझा बाप मी अक्काकडून परत आणलाय तो घे, म्हणालो. तो आला, फोटो बघितला, बराच वेळ बघितला. म्हणाला, "भूपालआण्णा, ह्याचं तोंड तुमचं हाय. रोज सकाळी उठून तुमच्या पाया पडू व्हय मी? असू दे. मला तुमचा बा चालतोय. बोलत न्हाई, ओरडत न्हाई." तेव्हा आपले आप्पा दोन ठिकाणी आहेत, एक शालूतून बाहेर आलेले आणि एक तालमीतले.

आदगोंडाच्या बापाला टाकवेना. तो मी हॉलमध्ये लावला. भिंतीवर इलाहीकडून ह्या पुराची नवी रेघ मारून घेतली आणि खिळा तिच्या वर एक हात ठोकला. ह्याच्यावर पाणी येत नाही. फक्त उदबत्ती लावायला शिडी चढावी लागते. राजमती खालून शिडी धरते. म्हणते, "सावकाश. पडलात तरी काळजी न्हाई, तुमचा फोटो वर तयारच हाय, हारासकट."

धरणाचं काय ऐकतेस ते कळव.

तुझा
भूपाल